ठिपके कोणाचे? पॅरिसची अंधशाळा आणि ‘मदत’ या शब्दाचा इतिहास



संयोजकांनी मला दिलेला विषय असा आहे : विशेष शाळा अपंग मुलांना नेमका आधार कसा देते? मी विशेष शिक्षक नाही. माझी सगळी नोकरी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली. त्यामुळे शिकवण्याचं तंत्र मी सांगू लागलो, तर समोर बसलेल्या दोन-तीन शिक्षिका मला थांबवतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. म्हणून मी इतिहास सांगणार आहे. पॅरिसमध्ये अंध मुलांसाठी जी पहिली शाळा निघाली, तिच्या पहिल्या सत्तर वर्षांचा इतिहास. या सत्तर वर्षांत ‘मदत’ या शब्दाचे दोन वेगळे अर्थ एकाच शाळेत समोरासमोर उभे राहिले. तो तंटा अजून मिटलेला नाही, असं माझं म्हणणं आहे.

सुरुवात मात्र माझ्या एका चुकीपासून करतो.

१९८०च्या दशकातली गोष्ट. माझ्या बी.ए.च्या वर्गात एक अंध विद्यार्थी होता. पहिल्या बाकावर बसायचा आणि मी बोलत असताना ब्रेल पाटीवर नोट्स काढायचा. ज्यांनी ही पाटी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दोन पट्ट्यांमध्ये जाड कागद धरलेला असतो. वरच्या पट्टीला छोट्या खिडक्या असतात. हातात स्टायलस, म्हणजे मुठीची एक बोथट टोचणी. त्या खिडकीतून एकेक ठिपका टोचायचा. याचा आवाज होतो. टक, टक, टकटक. दोनेक आठवड्यांनी मी त्याला तास संपल्यावर थांबवलं आणि म्हणालो, “अरे, बाकीच्यांचं लक्ष जातं. तू मागे बस. नाहीतर असं कर, लिहूच नकोस. मी तुला सगळी व्याख्यानं टेप करून देतो.” टेपरेकॉर्डर तेव्हा घरोघरी नव्हता. मला वाटत होतं, मी उपकारच करतोय.

तो म्हणाला, “सर, टेपमध्ये एक वाक्य शोधायला सगळी टेप पुढे-मागे फिरवावी लागते. कागदावर ते कुठं आहे हे माझ्या बोटाला माहीत असतं.” आणि मग म्हणाला, “मी मागे बसतो.” तो वर्षभर मागे बसला. मी त्याला पुन्हा पुढे बोलावलं नाही.

त्याच सत्रात मी लॉक शिकवत होतो. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना मॉलिनोचा प्रश्न ठाऊक असतो. विल्यम मॉलिनो हा डब्लिनचा विद्वान. त्याने लॉकला पत्र लिहून विचारलं : एक जन्मांध माणूस आहे. घन आणि गोल यांतला फरक त्याला हाताने चाचपून कळतो. उद्या त्याला अचानक दिसू लागलं, तर हात न लावता, केवळ पाहून, घन कोणता आणि गोल कोणता हे तो सांगू शकेल का? लॉकने हा प्रश्न आपल्या ग्रंथाच्या १६९४च्या आवृत्तीत घातला आणि युरोपातले मोठमोठे लोक त्यावर वाद घालत बसले. माझ्या वर्गातही चर्चा रंगली. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, हे त्यांनी कुणा आंधळ्या माणसाला विचारलं होतं का?”

मला उत्तर देता आलं नाही. मॉलिनोची स्वतःची बायको लग्नानंतर लवकरच अंध झाली होती, हे मी वाचलेलं होतं. पण वर्षानुवर्षं हा प्रश्न शिकवताना माझ्या एकदाही मनात आलं नाही की यात आंधळा माणूस केवळ उदाहरण आहे, त्याला बोलायला जागाच नाही. त्या मुलाच्या प्रश्नामुळे मी या इतिहासाकडे वळलो.

ज्याने जाऊन विचारलं

विचारणारा एक माणूस मला सापडला. फ्रेंच विचारवंत दिदरो. १७४९ साली त्याने अंधांविषयी एक पत्ररूप निबंध लिहिला. प्युझो नावाच्या गावात एक जन्मांध माणूस राहत होता. दिदरो त्याच्याकडे गेला, बसला, बोलला. हा माणूस आपल्या मुलाला उठावाची अक्षरं वापरून वाचायला शिकवत होता. वडील अंध, मुलगा डोळस, आणि शिकवणारे वडील! तुला डोळे मिळाले तर आवडेल का, असं विचारल्यावर त्याने सांगितलं की त्यापेक्षा मला लांब हात मिळाले तर बरं, चंद्रावर काय चाललंय ते माझे हात तुमच्या डोळ्यांपेक्षा आणि दुर्बिणींपेक्षा नीट सांगतील. पुस्तक छापलं गेलं आणि दिदरोला व्हँसेनच्या किल्ल्यात सुमारे तीन महिने कैद झाली. त्याला कारणं इतरही होती, मुख्य म्हणजे त्याचे धर्मविषयक विचार. पण एक गोष्ट नोंदली गेली. अंध माणसाच्या जगात कमतरता असते तशी एक व्यवस्थाही असते, आणि ती विचारल्याशिवाय कळत नाही.

अन्नछत्र, जत्रा आणि शाळा

त्या काळी पॅरिसमध्ये अंधांसाठी काहीच नव्हतं असं नाही. तेराव्या शतकात नवव्या लुई राजाने तीनशे अंधांसाठी एक आश्रम काढला होता. त्याचं नाव ‘केंझ-व्हँ’. शब्दशः अर्थ पंधरा विसा. आपल्याकडे जुनी माणसं पाच विसा, दहा विसा असं मोजायची ना, तसंच. पंधरा विसा म्हणजे तीनशे. तिथे निवारा मिळायचा, भाकरी मिळायची, गावात भीक मागायची परवानगी मिळायची. शिक्षण नव्हतं, कारण अंधाला शिकवता येतं हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

१७७१ साली पॅरिसच्या एका जत्रेत व्हॅलेंतँ आय्वी या तरुणाने एक तमाशा पाहिला. अंध माणसांना विदूषकासारखे कपडे, टोप्या आणि पुठ्ठ्याचे चष्मे घालून बसवलं होतं. समोर वाद्यांचे कागद. ते बेसूर वाजवत होते आणि लोक पोट धरून हसत होते. आय्वी भाषांचा जाणकार, जुन्या लिप्या वाचणारा. तो हादरला. पण हादरून घरी जाणारे पुष्कळ असतात. त्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडलेली होती. पॅरिसमध्येच द लेपे नावाचा एक धर्मगुरू बहिऱ्या मुलांना शिकवत होता आणि त्याचे वर्ग लोकांना पाहता येत होते. बहिऱ्यांना शिकवता येतं, तर अंधांना का नाही, असा साधा सरळ विचार आय्वीने केला.

१७८४ साली त्याला पहिला विद्यार्थी मिळाला. चर्चच्या दाराशी भीक मागणारा फ्रँस्वा लझ्युअर, वय सतरा. त्याच्या भिकेवर घर चालत होतं, म्हणून शिकायला यावं यासाठी आय्वीने त्याची बुडणारी कमाई स्वतः भरून दिली. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. ‘मुलं शाळेत का येत नाहीत’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर यात आहे. पुढे शाळा उभी राहिली, आणि १७८६च्या नाताळात तिची मुलं व्हर्सायला राजासमोर वाचून, छापून दाखवू लागली.

आता पद्धत काय होती? आय्वीने आपलीच अक्षरं घेतली, रोमन अक्षरं, आणि ती कागदावर उठावाने छापली. मुलं त्यांच्या कडांवरून बोट फिरवून अक्षर ओळखत. कल्पना उदार होती : ‘जे आपण वाचतो, तेच त्यांनी वाचावं.’ तिच्यामागे समतेचा विचार होता. पण ती डोळ्याने विचार करणाऱ्या माणसाची कल्पना होती. डोळा अक्षराचा आकार एका नजरेत पकडतो. बोटाला ती वळणं चाचपावी लागतात, एकेक रेघ. अक्षर मोठं ठेवावं लागे, म्हणून पुस्तकं अगडबंब होत, आणि ती मोजकीच होती. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे मुलांना अशी अक्षरं हाताने लिहिता येत नव्हती. त्याला छापखाना लागायचा. म्हणजे दुसऱ्याने दिलेलं वाचता येईल, पण स्वतःचं टिपण काढता येणार नाही, घरी पत्र लिहिता येणार नाही. माझ्या टेपरेकॉर्डरची गोष्ट आठवा. मी त्या मुलाला नेमकं हेच देत होतो.

एक मुलगा

१८१९ साली या शाळेत दहा वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. लुई ब्रेल. कुप्रे गावच्या खोगीर-लगाम बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा. तीन वर्षांचा असताना बापाच्या कारखान्यात खेळताना चामडं कापण्या-टोचण्याचं हत्यार डोळ्याला लागलं. जखम चिघळली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यात गेला आणि पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले. बापाने लाकडात खिळे ठोकून त्याला अक्षरं शिकवली होती.

१८२१च्या सुमारास शार्ल बार्बिए नावाचा एक माजी लष्करी अधिकारी ठिपक्यांची एक लिपी घेऊन शाळेत आला. कल्पना उत्तम होती. ठिपका बोटाला रेघेपेक्षा चटकन कळतो, आणि ठिपका टोचायला छापखाना लागत नाही. पण एका खुणेत जास्तीत जास्त बारा ठिपके होते, त्यामुळे ती बोटाच्या पेराखाली एकदम मावत नव्हती. शिवाय ती उच्चारांची लिपी होती. शुद्धलेखन नाही, विरामचिन्हं नाहीत, अंक नाहीत. बार्बिएच्या मते अंधांना एवढं पुरे. मुलांना ते पुरेसं वाटलं नाही.

ब्रेलने तीन-चार वर्षं यावर काम केलं, सुट्टीत, रात्री, शाळासोबत्यांच्या बोटांवर पारखून घेत. १८२४पर्यंत, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याची पद्धत बहुतेक तयार होती. सहा ठिपके, दोन उभ्या रांगांत तीन-तीन. बोट न हलवता पेराखाली पूर्ण मावणारी खूण. सहा ठिपक्यांतून त्रेसष्ट खुणा बनतात. अक्षरं, अंक, विरामचिन्हं, पुढे संगीताची स्वरलिपीसुद्धा. १८२९ साली तिचं पुस्तक निघालं. ब्रेल तेव्हा त्याच शाळेत शिकवत होता.

यात चमत्कार नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. कुप्रे गावात एकटा राहिला असता, तर ब्रेलने ही लिपी काढली नसती. त्यासाठी वाचायला उत्सुक अशी पन्नास-साठ बोटं एका छताखाली लागतात. चूक दाखवणारे मित्र लागतात. आणि आय्वीची अपुरी अक्षरंसुद्धा लागतात, कारण वाचन म्हणजे काय याची चव त्यांनीच लावली होती. विशेष शाळेने दिलेला पहिला आधार हा, की तिने मुलांना एकमेकांजवळ आणलं.

याच शाळेतलं दुसरं उदाहरण सांगतो. क्लोद मोंताल नावाचा अंध विद्यार्थी आणि त्याचा एक मित्र शाळेचे पियानो स्वतः जुळवू लागले. बाहेरून येणाऱ्या डोळस कारागिराने तक्रार केली आणि मुलांना पियानोला हात लावायची मनाई झाली. मुलांनी एक जुना पियानो सुटा करून पुन्हा जोडून दाखवला, तेव्हा शाळेचं मन वळलं. मोंतालने १८३६ साली पियानो जुळवण्याच्या कलेवर पुस्तक लिहिलं, आणि हा पुढे युरोपातल्या अंधांचा एक मानाचा व्यवसाय झाला. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या कुणाच्या कागदावर तो आधी नव्हता.

बंदी

आता तंट्याकडे येऊ. १८४० साली शाळेचा प्रमुख बदलला. नवा प्रमुख द्युफो. त्याने ब्रेलच्या ठिपक्यांवर बंदी घातली आणि परदेशात तेव्हा चालणारा उठावाच्या रोमन अक्षरांचा नवा नमुना आणला. पुस्तकं जाळली गेली, पाट्या आणि टोचण्या जप्त झाल्या असं ब्रेलचे चरित्रकार सांगतात. मुलं मग विणायच्या सुया, खिळे, हाताला येईल ते घेऊन चोरून ठिपके टोचत राहिली.

द्युफोला खलनायक ठरवणं सोपं आहे. पण त्याचं म्हणणं काय होतं ते ऐकून घ्या. तो म्हणत होता, या मुलांची लिपी वेगळी झाली तर ती समाजापासून तुटतील. त्यांचं लिहिलेलं डोळस माणसाला वाचता येणार नाही, डोळस शिक्षकाला तपासता येणार नाही. वेगळी लिपी म्हणजे वेगळं बेट. मंडळी, हा मूर्ख माणसाचा युक्तिवाद नाही. आज ‘विशेष शाळा मुलांना वेगळं पाडतात’ असं आपण म्हणतो, तेव्हा आपण द्युफोचंच वाक्य बोलत असतो.

चूक कुठे होती? त्याला मुलांनी सगळ्यांसोबत यावं असं वाटत होतं, ते योग्यच होतं. पण सोबत येण्याचा एकच रस्ता त्याला दिसत होता : त्यांनी आमच्यासारखं व्हावं. हा रस्ता मुलांच्या बोटांना झेपतो का, हे त्याने बोटांना विचारलं नाही.

ब्रेलने बंदीच्या आधीच या आक्षेपाला उत्तर दिलेलं होतं. १८३९ साली त्याने आणखी एक पद्धत प्रसिद्ध केली. ठरावीक जागी ठिपके टोचून त्यातून साधी रोमन अक्षरं उमटवायची, म्हणजे अंध माणूस आईला पत्र लिहील आणि ती ते डोळ्यांनी वाचेल. पुढे फूको नावाच्या त्याच्या अंध मित्राने त्यासाठी यंत्रही बनवलं. म्हणजे स्वतःसाठी स्वतःची लिपी, आणि दुसऱ्यांपर्यंत जायला पूल. दोन्ही हवीत. आम्हाला वेगळं राहायचं नाही, पण त्यासाठी आमची लिपी सोडणार नाही, असं हा माणूस कृतीतून सांगत होता.

शेवटी बंदी उठली ती द्युफोचाच सहकारी ग्वादे याच्यामुळे. त्याने मुलांचं वाचन प्रत्यक्ष पाहिलं आणि प्रमुखाला समजावलं. फेब्रुवारी १८४४मध्ये शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्‌घाटनात लोकांसमोर प्रात्यक्षिक झालं. एका मुलाला मजकूर सांगितला, त्याने टोचला. तो सांगताना हजर नसलेल्या दुसऱ्या मुलाला आत आणलं, त्याने बोटाने वाचून दाखवला. ब्रेल सभागृहात होता. क्षयाने तो तोवर खंगला होता. ६ जानेवारी १८५२ रोजी, त्रेचाळीस पूर्ण करून दोनच दिवस झाले असताना तो गेला. शाळेने ठिपके अधिकृतपणे स्वीकारले १८५४ साली.

तीच चूक, दुसऱ्या शाळेत

ज्या द लेपेचे वर्ग पाहून आय्वीला धीर आला, त्या बहिऱ्यांच्या शिक्षणात हेच नाटक उलट क्रमाने झालं. द लेपेकडे दोन बहिऱ्या बहिणी होत्या. त्यांच्याकडे पाहून त्याने ओळखलं की या मुलांपाशी हातांची भाषा आधीच आहे. तिच्या आधाराने त्याने शिकवलं. शंभर वर्षं ही परंपरा फुलली. मग १८८० साली मिलानमध्ये बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि तिने ठरवलं की मुलांना बोलायला आणि ओठ वाचायलाच शिकवावं, खुणांची भाषा शाळेतून काढावी. जमलेल्या १६४ जणांत स्वतः बहिरा असा एकच होता. त्यानंतर कित्येक देशांतल्या शाळांत मुलांना हातांनी बोलण्याची मनाई झाली आणि बहिऱ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या.

मुंबईत बहिऱ्या मुलांची शाळा निघाली ती १८८०च्याच दशकात, तो ठराव ताजा असताना. विसाव्या शतकात आपल्याकडच्या बहुतेक शाळांनी मौखिक पद्धतच धरली. मधल्या सुट्टीत आणि वसतिगृहात मात्र मुलांचे हात बोलतच राहिले. त्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मिलानच्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला तो २०१० साली. एकशे तीस वर्षांनी! भारतीय सांकेतिक भाषेसाठी सरकारी संशोधन-प्रशिक्षण केंद्र दिल्लीत २०१५ साली सुरू झालं. मला वाटतं, शिक्षणात झालेल्या चुकीचा हिशोब पिढ्यांमध्येच मांडावा लागतो.

ठिपके आपल्याकडे

आपल्याकडे अंधांची पहिली शाळा १८८७ साली अमृतसरला, ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी काढली. १९०० साली ॲना मिलर्ड यांनी अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत शाळा सुरू केली. १९०२मध्ये मुंबईतच व्हिक्टोरिया मेमोरियल ही अंधशाळा निघाली. लिपीचा मात्र गोंधळ होता. भारतीय भाषांसाठी ठिकठिकाणी वेगवेगळे ठिपके चालत. स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली भारत सरकारने हा प्रश्न युनेस्कोपुढे मांडला आणि १९५१ साली भारती ब्रेल ठरली. सर्व भारतीय भाषांना एकच.

तिचं तत्त्व सुंदर आहे. मराठीतला ‘क’, बंगालीतला ‘क’, तमिळमधला ‘क’ डोळ्याला वेगळे दिसतात, बोटाला तोच ठिपका लागतो. आणखी गंमत पाहा. आपण ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढतो आणि क नंतर, उच्चार मात्र उलटा. ब्रेलमध्ये आधी क, मग इ, जसं बोलतो तसं. पहिलीतल्या मुलांना वेलांटीने किती रडवलंय ते इथल्या शिक्षिकांना विचारा! म्हणजे डोळस लिपीची नक्कल सोडली म्हणून काही बिघडलं नाही, उलट एक गाठ सुटली.

मी पाहिलेला एक वर्ग

तो मागच्या बाकावरचा विद्यार्थी पुढे अंधशाळेत शिक्षक झाला. काही वर्षांपूर्वी त्याने मला शाळा पाहायला बोलावलं. पहिलीच्या वर्गात गेलो तर पुस्तक नव्हतंच. मुलं वाटीतून राजमा, वाटाणे, मूग वेगवेगळे करत होती. मी विचारलं, हा कसला तास? तो म्हणाला, “वाचनाचा, सर. बोटांचे डोळे उघडतोय.” पुढच्या वर्गात गणित चाललं होतं, टेलर फ्रेमवर. अष्टकोनी भोकांची पाटी आणि त्यात बसवायचे धातूचे खिळे. खिळा किती फिरवला यावर अंक ठरतो. मैदानावर एक मुलगी पांढरी काठी घेऊन पायऱ्यांचा अंदाज घेत होती. बाई तिच्या दोन पावलं मागे होत्या. हात मात्र धरला नव्हता. मला राहवेना, मी पुढे झालो. बाईंनी मला नुसतं हाताने थांबवलं. मुलगी चुकली, थांबली, काठी फिरवली, उतरली.

त्या दोन पावलांच्या अंतरात सगळं विशेष शिक्षण आहे असं मला वाटतं. फार लांब राहिलात तर मूल पडेल. हात धरलात तर ते चालणार नाही. आणि ते अंतर प्रत्येक मुलासाठी वेगळं असतं, म्हणून या शाळांत वर्ग लहान लागतात आणि प्रत्येक मुलाची आखणी वेगळी लागते.

हे फक्त अंध मुलांपुरतं खरं नाही. १९७२ साली मिठू आलूर यांनी मुंबईत सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी काम सुरू केलं. त्याचं निमित्त त्यांची मुलगी मालिनी होती. बोलणं आणि हातांवर ताबा कठीण, म्हणून अशा मुलांना बुद्धी नाही असं सर्रास धरलं जायचं. मालिनी चिब यांनी पुढे एका बोटाने टाइप करून आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नावच ‘वन लिटल फिंगर’. एक बोट चालतं हे कुणीतरी पाहिलं, आणि चालत नाहीत त्या नऊ बोटांची मोजणी थांबवली.

एक चिठ्ठी

मघाशी एका शिक्षिकेची चिठ्ठी आली आहे. त्यांनी विचारलंय : ‘मग मुलांनी विशेष शाळेत जावं की साध्या शाळेत?’

कायदा काय म्हणतो ते आधी सांगतो. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा. यात २१ प्रकारची अपंगत्वं धरली आहेत, १९९५च्या कायद्यात सात होती. कायद्याने ठरवलेल्या प्रमाणाइतकं अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीने. ‘पसंतीने’ हा शब्द माझ्या लेखी फार मोलाचा आहे. पण पसंती खरी कधी? दोन्ही दारं उघडी असतील तेव्हा. साध्या शाळेत ब्रेल जाणणारा शिक्षक नसेल, सांकेतिक भाषा कुणाला येत नसेल, तर तिथे बसवलेलं मूल वर्गात असतं पण शाळेत नसतं. आणि विशेष शाळा मुलाला बाहेरच्या जगाशी जोडणारे पूल बांधत नसेल, तर ती पुन्हा ‘पंधरा विसा’चा आश्रम होईल.

म्हणून कोणती शाळा हे मी सांगणार नाही. कोणत्याही शाळेत गेलात तर दोन गोष्टी पाहा. मुलाला आपलं म्हणणं स्वतः मांडता येईल असं साधन तिथे मिळतं का? आणि ते साधन ठरवताना मुलाला विचारलं होतं का? परीक्षेत लेखनिक मिळतो, जादा वेळ मिळतो, ते हवंच. पण लेखनिकाची गरज असलेला मुलगा आणि स्वतः लिहू शकणारा मुलगा यांतला फरक विचारल्याशिवाय कळत नाही. मला कळला नव्हता.

शाळा पाहून निघताना मी त्या विद्यार्थ्याला म्हणालो, “तेव्हा मी तुला मागे बसवलं, ती माझी चूक होती.” चाळीस वर्षं उशीर झाला होता. तो हसला आणि म्हणाला, “सर, मागे बसल्यामुळे एक झालं. माझ्या शेजारी बसणाऱ्या दोघांनी ब्रेल शिकून घेतली. तास कंटाळवाणा असला की आम्ही चिठ्ठ्या टोचायचो.”

म्हणजे माझ्याच वर्गात, माझ्या पाठीमागे नव्हे, अगदी समोर, तीन जणांनी एक छोटी शाळा काढली होती. ती टकटक मला ऐकू येत होती आणि मी तिला व्यत्यय समजत होतो.

तुमच्या वर्गात, घरात, कार्यालयात असा काही आवाज येत असेल, तर तो बंद करण्याआधी एकदा विचारा, काय लिहितोयस?